पेटीतल्या फोटोंना पान मिळाले

२६ जुलै २००५ हा दिवस कुर्ल्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी वस्तीत शिरली आणि आमच्या खोलीत छातीइतके पाणी झाले. पोरांना पोटमाळ्यावर चढवले, रेशनकार्ड वडिलांनी सदऱ्यात खोचले. कॉटखालची पत्र्याची पेटी मात्र राहिली. घरातले सगळे फोटो तिच्यात होते.

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीटच झालेली. ती आम्ही उन्हात वाळवली आणि मग एकेक फोटो ओढून काढू लागलो. फोटो निघाले, पण त्यांवरचे चेहरे वरच्या फोटोच्या पाठीला चिकटून गेले. हे नुकसान पुराने केले नाही, आमच्या हातांनी झाले. भिजून चिकटलेले फोटो तसेच वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवून ते हलक्या हाताने सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे, हे आम्हांला फार उशिरा कळले. एवढीशी माहिती त्या दिवशी असती तर आमच्या आईचा लग्नातला चेहरा आज आमच्या मुलांना दिसला असता. असो. शेवटी अकरा फोटो वाचले. ते पिशवीत गुंडाळून आम्ही कपाटावर ठेवले आणि वर्षानुवर्षे पुन्हा उघडून पाहिले नाहीत.

ती पिशवी आमच्या लेकीने खाली काढली. शाळेत तिला 'माझे कुटुंब' या विषयावर चिकटवही करायला सांगितली होती. आम्ही म्हणालो, "हे फोटो डिंकाने चिकटवायचे नाहीत." ती म्हणाली, "पप्पा, डिंक कशाला? मोबाईलवर पाने तयार मिळतात, तीही फुकट."

आम्हांला खरे वाटले नाही. फुकट म्हटले की आपल्या माणसाने आधी खिसा चाचपावा, हा आमचा अनुभव. म्हणून लेकीच्या शेजारी बसून आम्ही सगळे पाहिले आणि वाचकांसाठी येथे लिहीत आहोत.

चिकटवही करण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेतील लेखक मार्क ट्वेन याने १८७३ साली पानांना आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. पान ओले करायचे की कात्रण चिकटले! आता डिंकही गेला. पडद्यावर तयार पान येते, त्यात फोटोंच्या चौकटी आणि मजकुराच्या जागा आधीच आखलेल्या असतात. यालाच टेम्प्लेट म्हणतात. आपण चौकटीत आपला फोटो आणि मजकुराच्या जागी आपले शब्द टाकायचे. आमच्या लेकीने कॅनव्हा वापरले. त्याची मुळे ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात आहेत. तेथे एका तरुणीने आपल्या जोडीदारासह शाळांची वार्षिक पुस्तके मुलांना स्वतः मांडता यावीत म्हणून आधी एक सोय उभी केली आणि त्यातूनच पुढे २०१३ साली कॅनव्हा सुरू झाले. गूगल स्लाइड्सवरही अशी पाने फुकट करता येतात.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, फोटोचा फोटो नीट घ्या. जुना फोटो खिडकीजवळ, पण उन्हात नव्हे, सपाट ठेवावा. फ्लॅश बंद करावा, नाहीतर चकाकी येते. मोबाईल फोटोच्या बरोबर वर समांतर धरावा, तिरका धरला की माणसे एका बाजूला निमुळती होतात. अल्बमच्या चिकट पानावरून जुना फोटो उचकटू नये, वरचे प्लास्टिक उचलून तेथेच फोटो घ्यावा. गावाकडच्या नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होऊन येतो आणि छापताना अंधुक दिसतो.

दुसरी गोष्ट, कागदाचे माप आधी ठरवा. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. सुरुवातीलाच तेवढे पान घ्यावे. कॅनव्हावर मागाहून माप बदलण्याची सोय पैसे भरणाऱ्यांसाठी आहे.

तिसरी गोष्ट मुकुटाची. ज्या पानावर किंवा चित्रावर मुकुटाची खूण असते ते विकतचे. ते निवडले तर पान उतरवून घेताना पैसे मागतात. मुकुट नसलेले निवडावे, त्यात भरपूर आहे. पहिला खिसा असा सांभाळला.

चौथी गोष्ट अक्षरांची. तयार पानावरची नक्षीदार इंग्रजी अक्षरे मराठीला चालत नाहीत, जोडाक्षरे मोडतात किंवा नुसते चौकोन दिसतात. अशा वेळी 'मुक्ता' किंवा 'बलू' हे टाइप निवडावेत. मुंबईतल्याच 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने ते केले असून ते सर्वांना मोफत आहेत.

पाचवी गोष्ट, छपाईसाठी पान 'पीडीएफ प्रिंट' या प्रकारात उतरवून घ्यावे. दुकानात दर आधी विचारावा आणि शक्यतो लेझर मशीनवर छापावे. साध्या इंकजेटची शाई पाणी लागले की पसरते. पुराचे पाणी पाहिलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

आणि एक सावधगिरी. चिकटवहीत नुसते फोटोच लावावेत असे नाही. गिरणीचा जुना पास, पगाराची चिठ्ठी, शाळा सोडल्याचा दाखला, हेही घराचे फोटोच. पण आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक दिसत असेल तर तो झाकूनच पान करावे. पान कोणा-कोणाला दिसेल हेही तपासावे.

हे सगळे दोन तासांत शिकून झाले. खरी अडचण पुढे आली.

लेकीने पाच चौकटींचे पान निवडले होते. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी आणि आत्या. आजीसाठी, म्हणजे आमच्या आईसाठी, तिचा म्हातारपणीचा फोटो होता. पणजोबांचा एक फोटो वाचला होता, गिरणीच्या दारातला. पण पणजीचा फोटो नव्हताच. पुरात गेला असे नव्हे, तो कधी काढलाच गेला नव्हता. रानात मजुरी करणाऱ्या बाईला फोटोवाल्यासमोर कोण बसवणार होते?

लेक म्हणाली, "मग चार चौकटींचे पान घेऊ. नाहीतर तिथे फूल टाकू."

आमची आत्या दारात बसून ऐकत होती. तिचे वय झाले आहे, कालचे आठवत नाही. पण लहानपणचे लख्ख आठवते. ती म्हणाली, "फूल कशाला गं? माझी आय काय फूल व्हती का? काळी व्हती, उंच व्हती. कपाळावर गोंदण व्हतं तिच्या. बांधावर उभी ऱ्हाऊन हाक मारली की वड्यापल्याड ऐकू जायची."

लेकीचा हात थांबला. मग तिने ती चौकट रिकामीच ठेवली आणि तिच्यात आत्याचे शब्द लिहिले, आत्याच्या बोलीत, एक अक्षर न बदलता. आम्ही आत्याला विचारत गेलो. पणजी डोक्यावरून काय न्यायची, भाकरीबरोबर काय द्यायची, कोणत्या रंगाचे लुगडे नेसायची. आत्याने इतर फोटोंतल्या माणसांचीही नावे सांगितली. त्यांतल्या तिघांना आम्ही ओळखतही नव्हतो. आत्या नसती तर ते तिघे नाव नसलेले राहिले असते.

त्या दिवशी आम्हांला एक गोष्ट पटली. पुरात आमचे फोटो गेले, त्याचे दुःख आम्ही इतकी वर्षे केले. आणि सगळे ज्ञात असलेले माणूस आमच्याच दारात बसलेले असताना त्याला एक प्रश्न विचारला नाही. फोटो पाण्याने जातात, आठवण वयाने जाते. तयार पान फुकट मिळेल, पण त्याच्या चौकटीत लिहायचे शब्द कोणतेही ॲप देणार नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळच असतात, आणि ते माणूस आहे तोवरच असतात.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी एवढे करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. एकच फोटो हातात द्या. कोण, कुठे, कधी, हे तीन प्रश्न विचारा आणि ते सांगतील तसे मुलांना लिहून घेऊ द्या. पान पुढच्या रविवारी केले तरी चालेल. फोटो नसेल तर चौकट रिकामी ठेवा, पण काढून टाकू नका.

आमचे पान छापून आले तेव्हा लेकीने ते आत्याला वाचून दाखवले. आत्याने कागदावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लुगडं हिरवं लिव्हलंस व्हय? जांभळं व्हतं."

लेकीने मोबाईल काढला, एक शब्द बदलला, आणि आम्ही पान पुन्हा छापून आणले.