विश्लेषण : हर्णेचा सुवर्णदुर्ग खेळाच्या पटावर कधी येणार?

हर्णे बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की पर्यटकांचे मोबाइल आधी सुरमई-पापलेटकडे वळतात आणि मग समुद्रातल्या सुवर्णदुर्गाकडे. फोटो निघतो, स्टेटसला लागतो आणि विषय संपतो. पण याच किल्ल्याच्या धन्याचे नाव घेतलेले एक पात्र २००७ पासून हॉलीवूडच्या एका गाजलेल्या चित्रपटात आहे, हे त्या गर्दीत क्वचितच कोणाला ठाऊक असते. चित्रपट, व्हिडीओ गेम आणि टेबलाभोवती बसून खेळायचे ‘रोल-प्लेइंग’ खेळ यांच्या दुनियेत कोकणचा दर्या कुठे आहे आणि तो कोणी आणायचा, याविषयी.

हॉलीवूडमधला ‘आंग्रिया’ कोण?

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेचा तिसरा भाग ‘ॲट वर्ल्ड्स एंड’ मे २००७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात जगभरातल्या नऊ चाचेप्रमुखांची सभा भरते. त्यांपैकी हिंदी महासागराचा प्रमुख म्हणजे ‘श्री संभाजी आंग्रिया’. ही भूमिका मूळच्या इराणी असलेल्या मार्शल मनेश यांनी केली. फेटा, दाढी आणि जेमतेम एखादे वाक्य, एवढेच या पात्राच्या वाट्याला आले.

‘आंग्रिया’ हा इंग्रजांच्या कागदपत्रांतला आंग्रे या आडनावाचा उच्चार. सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि भाऊबंदकी सुरू झाली. मानाजींकडे कुलाबा राहिला, तर संभाजींकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाचा दक्षिणेकडचा भाग. म्हणजे चित्रपटातले नाव हर्णेसमोरच्या किल्ल्याच्या धन्याचे. बाकी सगळे कल्पित.

चाचे की सरखेल?

चाचा कोणत्याही राज्याला बांधलेला नसतो. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचे दस्तक घ्यावे आणि न घेतल्यास जहाज पकडले जाईल, असा त्यांचा शिरस्ता होता. पोर्तुगीजही आपल्या परवान्यांच्या जोरावर हेच करत आले होते. फरक इतकाच की परवाना देणारा पोर्तुगीज असला तर ती सत्ता ठरे आणि मराठा असला तर चाचेगिरी.

‘ॲसॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’ हा २०१३ चा गाजलेला गेम १७१५ ते १७२२ या काळात घडतो. त्यात ब्लॅकबिअर्डसारखे खरे चाचे भेटतात. याच वर्षांत कोकणात काय चालले होते? १७१८ मध्ये इंग्रजांचा खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले, तोही डाव फसला. समुद्री साहसाला लागणारे सगळे इथे होते. गेमचा नकाशा मात्र कॅरिबियनपुरताच राहिला. हा गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टचा एक स्टुडिओ पुण्यातही आहे. तेव्हा कोकणची गोष्ट जगापर्यंत न जाण्याचे कारण तंत्रज्ञांची वानवा हे नाही.

१७५५ मध्ये हर्णेसमोर काय घडले?

इथे गोष्ट अवघड होते, म्हणूनच ती महत्त्वाची आहे. संभाजींनंतर आलेले तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले. पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी केली. मार्च १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ जहाज आणि सोबतची छोटी जहाजे घेऊन मुंबईहून निघाला. पेशव्यांचे आरमार त्याच्या साथीला होते. वारा पडलेला असताना आंग्र्यांची गलबते मोठ्या गुराबांना ओढत दक्षिणेकडे निसटली. किल्ला मात्र निसटू शकत नव्हता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोफांच्या माऱ्यात आतला दारूसाठा पेटला आणि सुवर्णदुर्ग पडला. किनाऱ्यावरचे त्याचे रक्षक, म्हणजे गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड, हेही गेले.

सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा आंग्र्यांचे आरमार तिथल्या खाडीतच जळून गेले. एका मराठी सत्तेने दुसरीचा काटा इंग्रजांच्या हातून काढला आणि समुद्र इंग्रजांना मोकळा झाला.

जेम्स १७८३ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या विधवा पत्नीने लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. तो मनोरा आजही उभा आहे.

रोल-प्लेइंग खेळ म्हणजे नेमके काय?

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र घेऊन ‘मी आता असे करतो’ म्हणतात आणि अवघड कृती जमली की फसली ते फासा ठरवतो. हा फासा बहुधा वीस बाजूंचा असतो. पडदा लागत नाही, वीज लागत नाही. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुले तळघरात बसून खेळतात तो हाच खेळ आणि २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडीओ गेम याच नियमांवर उभा आहे.

कोकणी माणसाला हे फार परके वाटू नये. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते, संवाद मात्र नट रंगमंचावर उभे राहून रचतात. समोरच्याने टाकलेला शब्द झेलून पुढे न्यायचा, हे कौशल्य दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की दशावतारात शेवट आधीच ठाऊक असतो. इथे तो कोणालाच ठाऊक नसतो.

चित्रपट आहेत, मग खेळच कशाला?

ऐतिहासिक चित्रपटात नायक एक असतो, बाजू एक असते आणि प्रेक्षकाने टाळ्या कुठे वाजवायच्या हेही ठरलेले असते. १७५५ ची गोष्ट त्या साच्यात बसत नाही. यात खलनायक कोण? तुळाजी? पेशवे? फक्त जेम्स? चित्रपटाला यातले एक उत्तर निवडावे लागते. खेळात प्रत्येकाला वेगळी खुर्ची मिळते.

समजा, एक जण सुवर्णदुर्गावरचा गोलंदाज आहे. दुसरा हर्णेचा तांडेल, त्याचा भाऊ किल्ल्यात अडकलेला. तिसरा पेशव्यांचा कारकून, चौथा मुंबईहून आलेला दुभाषी. सूत्रधार सांगतो, पहाट झाली आहे, वारा पडला आहे आणि समोरच्या गलबतांवर भगवे निशाण आहे. गोलंदाजाने तोफेला बत्ती द्यायची का? तांडेलाने कोणाला वाट दाखवायची? कारकुनाला दिसते आहे की इंग्रज उद्या डोईजड होतील, पण हुकूम तर आला आहे. पाठ्यपुस्तकातली दोन ओळींची लढाई इथे तासभर जिवाला लागते. हरलेल्या बाजूला काय वाटले असेल, हे कळायला याहून सोपी वाट नाही.

खर्च किती आणि अडचणी कोणत्या?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा व्हिडीओ गेम २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोहोचला. त्यामागे चमूची काही वर्षांची मेहनत आणि पैशांची ओढाताण होती. सुवर्णदुर्गावर असा गेम व्हावा, पण त्यासाठी गुंतवणूकदार लागेल. टेबलावरच्या खेळाला वही, पेन्सिल, फासे आणि तयारीने बसलेला सूत्रधार एवढेच पुरते. वीस बाजूंचा फासा मिळाला नाही तर चिठ्ठ्या टाकूनही काम भागते.

पहिली अडचण भाषेची. नियमपुस्तके इंग्रजीत आहेत. पण गुराब, गलबत, तांडेल, दस्तक, मतलई वारा हे शब्द मराठीतच आहेत आणि ते इंग्रजीत नेले की खेळाचा अर्धा जीव जातो. दुसरी अडचण भावनांची. थोर पुरुषांच्या तोंडी आपले शब्द घालणे आपल्याकडे जोखमीचे असते. त्यावर उपाय वरच्या उदाहरणातच आहे. पेशवे आणि तुळाजी पटाबाहेर ठेवावेत, खेळणाऱ्यांनी त्यांच्या हुकमाखाली जगणारी साधी माणसे व्हावे. तिसरी अडचण म्हणजे हे कोणी तरी बाहेरचा येऊन करेल, ही आपली सवय. बंगालच्या मातीतून स्फुरलेले ‘शंखभूमी’ हे जग २०२२ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या अधिकृत पुस्तकात आले, कारण मिमी मंडल या बंगाली लेखिकेने ते लिहिले. कोकणचे जग कोकणाबाहेरचा कोणी लिहील तेव्हा त्यात पुन्हा फेटा, दाढी आणि एखादे वाक्यच असेल.

आता काय करता येईल?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात सुवर्णदुर्ग आहे. वारसा म्हटला की निधी जातो तो फलक, जेट्टी आणि दिव्यांच्या रोषणाईकडे. तेही हवेच. पण दापोली तालुक्यातल्या शाळांनी आणि वाचनालयांनी मे महिन्याच्या सुटीत एक टेबल मांडावे. इतिहासाच्या शिक्षकांनी प्रसंग लिहावेत, बंदरावरच्या जाणत्या तांडेलाने वारा आणि भरती-ओहोटीचे नियम सांगावेत, मुलांनी पात्रे घ्यावीत. पहिला खेळ फसेल, दुसरा बरा होईल.

किल्ला घेणाऱ्याच्या नावाने लंडनमध्ये मनोरा आहे. तो राखताना मेले त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. ती आता मिळणार नाहीत. पण त्या पहाटे तोफेपाशी उभ्या असलेल्या माणसापुढे कोणता पेच होता, हे हर्णेच्या आठवीतल्या पोराला एका दुपारी कळू शकते. त्यासाठी हॉलीवूडची वाट पाहण्याची गरज नाही.