पालकाकडून जामीनदार सरसकट नको, हिशेब मात्र नियमित हवा

प्रति,
मा. रजिस्ट्रार जनरल,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई

विषय : अज्ञानांच्या मिळकतीचे पालक व मृतांच्या मिळकतीचे व्यवस्थापक यांच्या बंधपत्रांबाबत.

महोदय,

पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील आम्ही रहिवासी विनंती करतो की, पालक नेमताना जामीनदाराची अट सरसकट घालू नये. पालक व प्रतिपाल्य अधिनियम, १८९० चे कलम ३४ बंधपत्र मागायचे की नाही हे न्यायालयावर सोपवते आणि ते जामीनदारासह की त्याविना, हे उच्च न्यायालयाच्या नियमांवर. तारापूर औद्योगिक वसाहतीत ११ जानेवारी २०२० च्या स्फोटासारखी दुर्घटना घडली की भरपाई मुलांच्या नावे येते. भूसंपादनाच्या मोबदल्यातही अज्ञान वारसांचे हिस्से असतात. आईबाप गमावलेल्या नातवंडांच्या आजीने ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार आणायचा कुठून? पाड्यावरचा शेजारी उभा राहिला, तरी आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची बंधने आहेत. ती जमीन विकून वसुली करणे सोपे नाही. मुलांच्या पैशावर डोळा असलेल्या सधन नातेवाइकाला मात्र जामीनदार सहज मिळतो.

जामीनदार नसेल तर पालक पैसा खाईल, ही भीती खोटी नाही. पण बंधपत्र कामी येते ते पैसा गेल्यावर, आणि कलम ३५ चा दावा निकाली निघेपर्यंत मुलाचे शिक्षणाचे वय सरते. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला कलम २९ नुसार परवानगीशिवाय जमीन विकता वा गहाण ठेवता येत नाही. धोका उरतो रोख रकमेचा. मोटार अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सुसम्मा थॉमस प्रकरणात अज्ञानाची रक्कम सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवण्यास सांगितले. तोच मार्ग इथे चालेल. चालता धंदा किंवा भाड्याचे मोठे उत्पन्न सांभाळणाऱ्याकडून जामीनदार जरूर घ्यावा.

म्हणून कलम ५० खालील अधिकारात नियम करावा : रक्कम मुदत ठेवीत असल्यास पालकाचे स्वतःचे बंधपत्र व मराठीतील शपथपत्र पुरेसे मानावे, मिळकतीची यादी सहा महिन्यांत आणि हिशेब दरवर्षी सक्तीने घ्यावा. न्यायालयांचे काम वाढेल हे खरे; पण पासबुकाच्या प्रतीसह एकपानी नमुना तपासणे वसुलीच्या दाव्याहून हलके आहे. मृतांच्या मिळकतीबाबत, भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २९१ मध्ये प्रशासनपत्रासाठी जामीनदार बंधनकारक आहे, मृत्युपत्राने नेमलेल्या व्यवस्थापकाला प्रोबेट घेताना मात्र तो बंधनकारक नाही. मृत्युपत्र न करता गेलेल्या कामगाराच्या विधवेवर हा भार का? लहान मिळकतींपुरती ही अट शिथिल करण्याची शिफारस आपण शासनाकडे करावी.

आपले विश्वासू,
पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील रहिवासी