गोधडी कोणी शिवली ते विचारा



जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गावात आली की घरोघरचे गठ्ठे बाहेर निघतात. त्या गठ्ठ्यात जुनी गोधडीही जाते. नाही गेली तर ती गोठ्यात पडते, कांद्याच्या ढिगावर जाते, नाहीतर मोटारसायकल पुसायला तिचे तुकडे होतात. "चिंध्याच त्या, त्यांचं काय एवढं?" असे मोठी माणसे म्हणतात. माझे मत निराळे आहे. माझ्या मते जुनी गोधडी म्हणजे शिवणाऱ्या बाईची वही आहे. पण ती वाचून दाखवायला घरातले म्हातारे माणूसच लागते.

गोधडी कशी होते ते पाहा. जुनी लुगडी, धोतरे, सदरे उसवून स्वच्छ धुतात. एक लुगडे जमिनीवर अंथरतात. त्यावर फाटक्या कपड्यांचे थर देतात आणि वरून दुसरे लुगडे किंवा जोडलेले तुकडे घालतात. मग धावदोरा घालत घालत कडेकडेने मध्यापर्यंत यायचे. एका गोधडीत हजारो टाके पडतात. शेतातली कामे उरकल्यावर, दुपारच्या वेळी, बायका हे काम करतात. तेवढा वेळ हात कापडावर आणि मन कुठेतरी असणारच, नाही का?

आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळातली एक गोधडी आहे. ती माझ्या पणजीने शिवली. त्या साली लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. खायला सुकडी मिळे. पणजी दिवसा खडी फोडायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात टाके घालायची, असे आजी सांगते. आजी एकेक तुकडा दाखवते. "ह्यो निळा तुझ्या पणजोबाच्या बंडीचा. ह्यो माझ्या नणंदेच्या परकराचा. त्या साली नवं कापड कुठलं आणायचं?"

मी विचारले, "आजी, ह्यातला सगळ्यात जुना तुकडा कोणता?"

आजी म्हणाली, "त्यो तुला दिसायचा न्हाई. सासूबाईंचं सहा महिन्यांचं लेकरू गेलं व्हतं. त्याचं झबलं टाकवंना आन् डोळ्यापुढं ठेववंना. म्हणून त्यांनी ते मधल्या थरात घातलं."

गोधडी कितीही निरखून पाहिली असती तरी मला हे कळले नसते. आजी आहे म्हणून कळले.

चिंध्या जोडून पांघरुणे फक्त आपल्याकडेच शिवतात असे नाही. आमच्या बाईंनी वर्गात अमेरिकेतल्या हॅरिएट पॉवर्स यांची माहिती सांगितली. त्या १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मल्या. पुढे गुलामी संपली. त्यांनी कापडाची चित्रे कापून एक गोधडी शिवली. तिच्यात बायबलमधल्या गोष्टींची ११ चित्रे आहेत. १८८६ साली ती कापसाच्या प्रदर्शनात मांडली होती. तिथे एका चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली, पण पॉवर्सबाईंनी दिली नाही. काही वर्षांनी घरात ओढाताण झाली, तेव्हा मात्र द्यावी लागली. त्यांनी १० डॉलर मागितले होते, हाती ५ पडले. त्यानंतरही त्या आपली गोधडी बघायला त्या शिक्षिकेच्या घरी अनेकदा गेल्या! विकताना त्यांनी प्रत्येक चित्राचा अर्थ सांगितला आणि शिक्षिकेने तो लिहून ठेवला. म्हणून आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ती गोधडी पाहणाऱ्यांना चित्रांचा अर्थही कळतो. लिहिले नसते तर नुसते कापड उरले असते.

काही जण म्हणतील, "गोधडी जड असते, धुताना कंबर मोडते, लवकर वाळत नाही. त्यापेक्षा बाजारातले ब्लँकेट बरे." हे खरे आहे. माझी आईसुद्धा हेच म्हणते आणि धुवावी तिलाच लागते. म्हणून सगळ्या गोधड्या जपा असे मी म्हणत नाही. घरातली एक तरी ठेवा. दुसरी द्यायचीच असेल तर देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चार गोष्टी विचारा. कोणी शिवली? कोणत्या साली? कोणासाठी? कोणाचे कपडे आत आहेत? मिळालेले उत्तर वहीत लिहा. जी गोधडी ठेवाल तिच्या कोपऱ्यावर शिवणारीचे नाव दोऱ्याने घाला. याला पैसे लागत नाहीत.

शाळेच्या दाखल्यावर बहुधा वडिलांचे नाव असते, सातबाऱ्यावर आजोबांचे. आमच्या पणजीचे नाव मला कुठल्याच कागदावर सापडले नाही. ते निदान तिच्या गोधडीवर तरी असावे, असे मला वाटते. तुमच्या घरच्या गोधडीवर कोणाचे नाव हवे? आज घरी जाऊन विचारा. उद्या विचारायला ते माणूस असेलच असे नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी