पुढचा पंप अडीचशे किलोमीटर

रोड ट्रिप म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर ‘दिल चाहता है’च सुरू होतो. सिनेमा २००१ चा, आपल्यातले निम्मे तेव्हा बालवाडीत. पण फॅण्टसी तीच. उघड्या टपाची गाडी, जिवाभावाचे दोस्त, बाजूला समुद्र. माझी ट्रिप झाली ती सेकंडहॅण्ड गाडीतून, एकाच मैत्रिणीबरोबर, आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब अशा ठिकाणी. उघडा टप तर सोडाच, दुपारी काच जरा खाली केली की माश्या आत!

तर मंडळी, गेल्या जुलैत मी ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये होते. रूमीबरोबर. जुन्या वाचकांना रूमी माहीत आहे. हॉस्टेलमधली माझी रूममेट, म्हणून रूमी. मूळची सांगलीची. (तीच ती, जिने मेसच्या डाळीत भडंग टाकून ‘फ्यूजन फूड’ म्हणून अख्ख्या टेबलाला खपवलं होतं.) सहा वर्षांपूर्वी मास्टर्स करायला ॲडलेडला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. आमचं भांडण वगैरे काही झालं नव्हतं, पण मैत्री हळूहळू बर्थडे विशेस आणि हार्ट इमोजींवर आली होती. तुमचीही असेल एखादी अशी. ‘ये एकदा, गाडीने वाळवंटात जाऊ’ असं ती दरवर्षी म्हणायची. यंदा तिकीट स्वस्तात मिळालं आणि मी खरंच गेले.

निघायच्या आदल्या आठवड्यात सांगलीहून काकूंचं पार्सल आलं. तीन किलो भडंग. मागोमाग फोन. ‘‘तिला खायला घाल. आणि तेवढं विचार बाई, परत कधी येणार आहे ती. मी विचारलं की ‘बघू आई’ म्हणते. तुला खरं सांगेल.’’

‘हो काकू’ म्हणाले. मैत्रिणीच्या आईला नाही म्हणता येतं का? ऑस्ट्रेलियात उतरल्यावर भडंग मी रीतसर डिक्लेअर केलं. प्रश्न मात्र केला नाही.

आता थोडा भूगोल. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. असे जवळजवळ चार एकापुढे एक जोडले की होतो स्टुअर्ट हायवे. दक्षिणेतल्या पोर्ट ऑगस्टापासून थेट उत्तरेच्या डार्विनपर्यंत. १८६२ मध्ये खंड दक्षिणोत्तर पार करून उत्तर किनाऱ्याला पोहोचलेल्या जॉन मॅकडूअल स्टुअर्टचं नाव त्याला आहे, आणि संपूर्ण रस्ता डांबरी व्हायला १९८७ उजाडलं. आमची सुट्टी मोजून नऊ दिवस, त्यामुळे डार्विन कॅन्सल. ॲडलेडहून कूबर पीडी, तिथून उलुरू, मग ॲलिस स्प्रिंग्ज आणि परत. एवढ्यातच साडेतीन हजार किलोमीटरच्या वर रनिंग झालं.

गाडी डावीकडूनच चालवायची, हा आपल्याला केवढा दिलासा. बाकी सगळं वेगळं. समोरून येणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. पहिल्यांदा मला वाटलं, शिवी देतोय की काय! तर तो नमस्कार. अर्ध्या तासात एक गाडी दिसणार, मग नमस्कार नको? रोड ट्रेन नावाचे ट्रक इथे साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असतात, म्हणजे आपल्या चार-साडेचार एसट्या एकामागे एक. तो शेजारून गेला की आपली गाडी आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. रस्त्यावर एके ठिकाणी विमानतळासारखे पांढरे पट्टे दिसले. तो खरोखरचा रनवे. कुणी आजारी पडलं की फ्लाइंग डॉक्टर्सचं विमान हायवेवरच उतरतं. ही सेवा १९२८ पासून चालू आहे. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, कारण कांगारू संध्याकाळीच फिरायला निघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट ऑगस्टाला टाकी फुल्ल केली. लेक हार्टला थांबलो. नाव लेक, प्रत्यक्षात मीठच मीठ, डोळे दिपतील इतकं पांढरं. पुढे ग्लेनडँबोला पंप होता. काटा निम्म्याच्या किंचित वर. हिशेबाची वही माझ्याकडे होती आणि आउटबॅकमधले पेट्रोलचे भाव बघून माझ्यातली मध्यमवर्गीय मुलगी जागी झाली. ‘‘कूबर पीडीलाच भरू ना, इथे लुटतायत.’’ रूमी म्हणाली, ‘‘पुढचा पंप अडीचशे किलोमीटरवर आहे.’’ मी म्हणाले, ‘‘अगं, निम्म्यात इथवर आलो ना? मग निम्म्यात तिथवर जाऊ.’’

गणित बरोबर होतं. फक्त त्यात समोरून येणारा वारा धरला नव्हता.

दिवा लागला तेव्हा साठेक किलोमीटर उरले होते. हीटर बंद केला, स्पीड ऐंशीवर आणला. आपल्याकडे अशा वेळी आपण पुढचा पंप, नाहीतर टपरी, नाहीतर बाटलीतून पेट्रोल विकणारा कुणीतरी गृहीतच धरतो. इथे डावीकडे लाल माती आणि उजवीकडे लाल माती. फोनवर शून्य काड्या. चाळीस किलोमीटर उरले तेव्हा रूमीने गाडी एका रेस्ट एरियात घेतली. रेस्ट एरिया म्हणजे एक बाक, एक कचऱ्याचा डबा. चार वाजले होते. पावणेसहाला सूर्यास्त.

‘‘चालत जायचं का?’’ मी.

‘‘गाडी सोडायची नाही. इथला पहिला नियम.’’

बसलो. तिने भडंगाची पिशवी फोडली. आणि मला काय झालं कोण जाणे, तोंड चालू असताना बोलूनच गेले, ‘‘काकूंनी विचारायला सांगितलंय. परत कधी येणार म्हणून.’’

ती चावायची थांबली. ‘‘म्हणजे तू सुट्टीवर नाहीयेस. ड्युटीवर आलीयस.’’

मी काहीतरी सारवासारव केली. फोन असता तर दोघींनीही एव्हाना तो उघडून त्यात डोकं घातलं असतं. इथे बघायला एकच क्षितिज. वीस मिनिटं आम्ही ते बघत बसलो.

मग एक कॅरॅव्हॅन थांबली. पांढऱ्या केसांचं जोडपं. रिटायर झाल्यावर घर गाडीमागे लावून देशभर फिरणारे असे खूप लोक रस्त्यात भेटतात, त्यांना ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात. आजोबांनी पेट्रोलचं विचारलंच नाही, आधी विचारलं, पाणी किती आहे? वीस लिटर आहे म्हटल्यावर चेहरा जरा निवळला. कॅनमधून दहा लिटर पेट्रोल ओतलं, पंपाच्या भावाने पैसे मोजून घेतले (मला हे फार आवडलं) आणि जाताना दोघींना मिळून एक लेक्चर दिलं. आजींनी भडंग खाल्लं, ठसका लागला, तरी दुसरी मूठ घेतली.

कूबर पीडीला पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. हे गाव ओपलचं. १९१५ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडलं आणि तेव्हापासून लोक जमीन पोखरतायत. उन्हाळा इतका कडक की बरेच जण राहतातही जमिनीखालीच. बाहेर उकडू दे नाहीतर गारठू दे, आत बारा महिने पंचविशीच्या आतबाहेर. भूमिगत चर्च आहे, भूमिगत मोटेलं आहेत. गावाबाहेर खाणींचे उघडे खड्डे इतके की पाट्या लावल्यात, उलटं चालू नका. फोटो काढता काढता मागे सरकायची आपली सवय इथे जिवावर बेतेल!

आमची खोली टेकडीच्या पोटात होती. खिडकी नाही. दिवा घालवला की डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, फरकच नाही. हॉस्टेलवर दिवे गेल्यावर आम्ही बोलायचो, तशी तिकडच्या कॉटवरून रूमी बोलायला लागली.

‘‘पुढच्या महिन्यात सेरेमनी आहे. सिटिझनशिपची. टेस्टमध्ये वीसपैकी वीस पडले.’’

‘‘काँग्रॅट्स’’ म्हणायचं की नाही, मला कळेना.

‘‘आपला पासपोर्ट परत करावा लागतो, माहितीये ना? आपल्याकडे ड्युअल चालत नाही. ओसीआय कार्ड मिळेल, येणं-जाणं होईल, सगळं होईल. पण आई ते ‘परत येणार नाही’ असंच ऐकणार. आणि खरंय ते. मी नाही येणार.’’

मग ती काकांबद्दल बोलली. काका एप्रिल २०२१ मध्ये कोविडमध्ये गेले. ऑस्ट्रेलियाच्या सीमा तेव्हा बंद होत्या, रूमी स्टुडंट व्हिसावर. बाहेर पडली असती तर परत आत येता आलं नसतं, कोर्स आणि कर्ज दोन्ही अधांतरी. काकांचे अंत्यसंस्कार तिने फोनवर पाहिले, तेही मध्येच कट झाले. ‘‘तेव्हा ठरवलं, एका तरी दारातून मला हक्काने आत-बाहेर करता आलं पाहिजे. कुणाच्या परवानगीशिवाय.’’

मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकांनाही जवळजवळ दोन आठवडे बंदी होती, हे मला माहीत होतं. म्हणजे हक्काचं दारही बंद होऊ शकतं. बोलले नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. काका गेल्याचं कळल्यावर मी तिला काय पाठवलं होतं? ‘टेक केअर’ आणि हात जोडलेला इमोजी. फोनसुद्धा केला नव्हता. काय बोलायचं ते सुचत नाही, ही सबब. हे तिला सांगितलं. अंधारात सांगता येतं.

‘‘आठवतंय,’’ ती म्हणाली. एवढंच. पुष्कळ वेळाने, ‘‘झोप आता, उद्या पेट्रोल तू भरणारेस.’’

पुढचे चार-पाच दिवस आम्ही खूप बोललो आणि बरंचसं फालतू बोललो. नॉर्दर्न टेरिटरीत शिरलं की स्पीड लिमिट ११० वरून १३० होतं, तेव्हा किंचाळलो. एर्लडुंडाहून वळल्यावर लांबवर एक भलामोठा सपाट माथ्याचा डोंगर दिसला, ‘उलुरू, उलुरू’ करत चाळीस फोटो काढले. तो निघाला माउंट कॉनर. इथे सगळेच फसतात म्हणे. खरा उलुरू समोर आला की मात्र बोलती बंद. शाळेत आपण एअर्स रॉक शिकलो तोच. उंची ३४८ मीटर. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने ती जमीन मूळ मालकांना, अनांगू लोकांना, परत दिली आणि २०१९ मध्ये त्याच तारखेपासून वर चढणं कायमचं बंद झालं. आम्ही पायथ्याची दहाएक किलोमीटरची प्रदक्षिणा घातली. काही ठिकाणी फोटो काढू नका अशी विनंती आहे. एक माणूस तरीही काढत होता. असे सगळीकडे असतातच.

रस्त्यात जंगली उंटही दिसले. ते मूळचे इथले नाहीत. १८६० मध्ये बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून बोटीने आणले गेले आणि पुढे हजारो आले. त्यांच्याबरोबर बलुची, पंजाबी, सिंधी, पठाण उंटवाले. इथल्या गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ ठरवलं, आणि ‘द घॅन’ या प्रसिद्ध ट्रेनचं नाव त्यावरूनच पडलं. मोटारी आल्यावर उंट वाळवंटात सोडून दिले गेले. गंमत बघा, १८६० मध्ये कराची मुंबई इलाख्यात होती. म्हणजे एका अर्थाने ते उंट आपल्याच इलाख्यातले! हे मी रूमीला सांगितलं, तर म्हणे, ‘‘त्यांना विचारतं का कोणी, परत कधी येणार?’’

उलुरूजवळच्या कॅम्पसाइटवर रात्री कडाक्याची थंडी होती. वृश्चिक, जो आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसतो, तो इथे डोक्यावर. आणि त्रिशंकू, ज्याला हे लोक सदर्न क्रॉस म्हणतात, ठसठशीत. आता मराठी मीडियमची मुलगी मी, मला जोक सुचणारच. ‘‘तो बघ तू. ना इकडचा ना तिकडचा.’’

ती हसली नाही. ‘‘मी लटकलेली नाहीये गं. मी इथे राहते.’’

सॉरी म्हणाले. मग तिनेच मला आकाशातला एमू दाखवला. इथले मूळ लोक तो पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेत. त्रिशंकूजवळच्या काळ्या डागात त्याचं डोकं, आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यात मान आणि अंग. तारे जोडून तो दिसत नाही, मधला काळोखच बघावा लागतो. मला दिसायला दहा मिनिटं लागली.

ॲलिस स्प्रिंग्जबद्दल पुन्हा कधीतरी. (तिथल्या कोरड्या नदीत दरवर्षी बिनबुडाच्या बोटींची शर्यत होते, पायाने पळत. १९९३ मध्ये ती रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं!)

परतताना आठव्या दिवशी ग्लेनडँबो आलं. टाकी निम्म्याच्या वर असूनही मी न बोलता पाइप उचलला. रूमीच्या फोनला रेंज होती. सांगलीत तेव्हा सकाळचे नऊ वाजले असणार, म्हणजे देवपूजा आटोपून काकूंचा चहा. ती ड्रायव्हिंग सीटवर बसून राहिली. तिने नंबर लावला तेव्हा मी पैसे देऊन आले आणि काचेवर चिकटलेले किडे घासायला लागले. काच एवढी स्वच्छ आयुष्यात कधी केली नव्हती. पलीकडे तिचे ओठ हलत होते, मग बराच वेळ हलत नव्हते. एकदा तिने डोळे पुसले, एकदा हसली. तेरा मिनिटं.

दार उघडून खाली उतरली तेव्हा नाक लाल झालेलं.

‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘आधी काहीच नाही. मग म्हणाली, सेरेमनीला साडी नेस. आणि भडंग मऊ पडलं असेल तर कढईत जरा गरम करून घ्या.’’