गॅप आहे. मग?

मागच्या शनिवारी सकाळी ताईचा वाशिमहून फोन आला. आवाज रडवेला. आदल्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू होता. वेब डेव्हलपरची जागा, घरून काम. अर्ध्या तासातली वीस मिनिटं एकाच गोष्टीवर गेली म्हणाली. "मधली पाच वर्षं तुम्ही काहीच केलं नाहीत?"

"काय सांगू रे मी त्याले?"

काहीच नाही! ताईने २०१६ ते २०२० पुण्यात नोकरी केली. मग बाळंतपण, मग सासऱ्यांचं आजारपण, अकोल्याच्या हॉस्पिटलच्या चकरा, घरची शेती. आता मुलगी शाळेत जाते, म्हणून दोन महिने रात्री घर झोपल्यावर ती अभ्यासाला बसत होती. याला 'काहीच नाही' म्हणायला फार मोठं धाडस लागतं.

मंडळी, गॅपबद्दल विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. एकदा विचारा, उत्तर ऐका, पुढे चला. पण गॅप दिसला की माणूस गंजला असं धरून चालणं हा शुद्ध आळस आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आपल्या फील्डमध्ये टेक्नॉलॉजी फार वेगाने बदलते हो." बरं, बघू. रिअ‍ॅक्टमध्ये हुक्स आले फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे ताई नोकरीत असताना. त्यानंतर अँग्युलरजेएसचा सपोर्ट डिसेंबर २०२१ मध्ये संपला. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये गेला (कोणी रडलं नाही). क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप फेब्रुवारी २०२५ मध्ये मोडीत निघालं. ही सगळी हत्यारं. नवीन हत्यार महिन्या-दोन महिन्यांत हाताला बसतं.

आणि बदललं नाही ते? ४०४ आणि ५०० मधला फरक. जॉइन चुकला की रेकॉर्ड दुप्पट का येतात. सेटटाइमआउटला शून्य दिलं तरी तो कोड नंतर का चालतो. हे ज्याला कळलंय त्याचं पाच वर्षांत काही जात नाही.

साहेबांनी मात्र उरलेल्या दहा मिनिटांत विचारलं काय, तर स्लाइस आणि स्प्लाइसमधला फरक! जे दहा सेकंदांत शोधून सापडतं ते. आज कोड मशीनही लिहून देतं. तो वाचून "इथे चुकतंय, आणि का" हे सांगणारा माणूस हवाय. मग एक बिघडलेला कोड समोर ठेवा ना! ताईने बाजार समितीतले सोयाबीनचे भाव दाखवणारं एक छोटं पान स्वतः बनवलंय, रोज अपडेट करते. लिंक रेझ्युमेत पहिल्याच ओळीत होती. साहेबांनी उघडली नाही.

आता दुसरे शहाणे. "गॅप कशाला दाखवते? अनुभवाचं पत्र मिळतं की विकत." अजिबात नको. पीएफच्या यूएएनवर कुठल्या कंपनीने कधी पैसे भरले ते सगळं दिसतं, पकडले जाल. आणि पकडले नाही गेलात तरी, आजारी माणसाची सेवा हा लपवायचा गुन्हा होता असं तुम्हीच कबूल केलंत की.

२०१८ मध्ये सरकारने आमच्या वाशिमला 'आकांक्षित जिल्हा' ठरवलं. आकांक्षा भरपूर आहेत हो. त्या पहिल्याच प्रश्नावर अडतात.

आणि खरं सांगायचं तर मागच्या वर्षी मीसुद्धा एका उमेदवार बाईंना हाच प्रश्न विचारला होता. सूरही तोच. त्या बाई "सॉरी" म्हणाल्या होत्या. मी तेव्हा मान डोलावली होती. ताईचा फोन ठेवल्यापासून ते "सॉरी" डोक्यातून जात नाहीये.

असो. ताईला एवढंच सांगितलं: गॅपबद्दल एक वाक्य, खरं, माफी न मागता. मग लगेच "माझं काम दाखवू का?" म्हणायचं आणि स्क्रीन शेअर करायची. विचारेपर्यंत थांबायचं नाही.

मंगळवारी पुन्हा इंटरव्ह्यू आहे. तेवढा वेळ लाइट राहू दे म्हणजे झालं.