पेंडीवर वाढलेला मासा

सातारा-सांगलीच्या बाजारात शेततळ्यातला रोहू किंवा कटला दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडते. ‘पेंडीवरचा मासा, त्याला चव कुठली?’ हा शेरा मी कित्येकदा ऐकला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो.

मुळात रोहू बराचसा शाकाहारी. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव टिपतो, मृगळ तळाचा कुजका पालापाचोळा खातो. त्यांना पेंड घालणे म्हणजे वाघाला गवत घालणे नव्हे. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड हे तर आपल्याकडचे जुनेच मत्स्यखाद्य. कृष्णाकाठी सोयाबीन आले, तशी सोयापेंडही हाताशी आली. तिच्यात सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात.

पण पेंड म्हणजे सर्वस्व नव्हे. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, त्यातला बराचसा फॉस्फरस माशाला पचत नाही आणि कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनांचे पचनच अडवतो. नीट उष्णता दिली की तो निकामी होतो. या उणिवा भरून काढल्या नाहीत तर मासा खातो पुष्कळ, वाढतो थोडा. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड तर विषच. १९६० मध्ये इंग्लंडात अशा पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले; त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा छडा लागला.

राहिली चव. चिखलाचा वास बहुधा पेंडीचा नसतो. तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळात तयार होणाऱ्या जिऑस्मिनचा असतो. उरलेले खाद्य कुजले की हे शेवाळ माजते. विक्रीपूर्वी काही दिवस मासा स्वच्छ पाण्यात ठेवला की वास उतरतो.

खाद्याचा खरा ठसा उमटतो चरबीवर. नॉर्वेतल्या सॅमनच्या खाद्यात १९९० मध्ये सुमारे ९० टक्के घटक समुद्री मासळीचे होते. २०१३ पर्यंत ते ३० टक्क्यांवर आले आणि मांसातले ओमेगा-३ घटले. गोड्या पाण्यातला रोहू मात्र जवसासारख्या तेलातून ते थोडेफार स्वतः घडवतो. आपल्या चटणीतले जवस त्याच्याही कामाचे!

सुक्या मासळीची भुकटी खाद्यात हवीच, हा आग्रहही मला पटत नाही. ती तारलीसारख्या लहान मासळीची होते. गरिबाच्या कालवणातली तारली तळ्यातल्या माशाला का चारावी? त्यापेक्षा पेंड बरी. मात्र ती कोरडी, निर्दोष आणि बेताने घातलेली हवी. गिऱ्हाइकाने ‘पेंड कशी आणि पाणी कसे?’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर तळेवालाही आपोआप जपून वागेल.