एन्ट्री दणक्यात, पण पुढे काय?

केटी पेरीचं ‘चेन्ड टू द रिदम’ २०१७मध्ये बिलबोर्ड हॉट १००वर थेट चौथ्या क्रमांकावर आलं. त्याच्या वर ते कधीच गेलं नाही. तिचंच ‘रोअर’ २०१३मध्ये ८५व्या स्थानी आलं (तेव्हा पूर्ण आठवड्याचे आकडे नव्हते, हेही खरं) आणि पुढे पहिलं ठरलं!

असं का? हा चार्ट विक्री, स्ट्रीमिंग आणि रेडिओ यांची बेरीज करतो. पहिल्या आठवड्यात चाहते तुटून पडतात. रेडिओ मात्र गाणं हळूहळू उचलतो, तेही श्रोत्यांना रुचलं तरच. २०२०चं ‘ट्रोल्झ’ तर पहिल्या क्रमांकावरून पुढच्याच आठवड्यात ३४वर घसरलं. म्हणून ‘थेट टॉप ५मध्ये’ ही बातमी माझ्या मते गाण्याची कमी, फॅन क्लबची जास्त असते. चौथ्या आठवड्याचा आकडा कुणी छापत नाही.